तलंगांची पिसे का झडतात?

जी कोंबडी अद्याप अंड्यावर आलेली नाही किंवा नुकतीच आली आहे, तिच्यासाठी मराठीत ‘तलंग’ असा एक नेमका शब्द आहे. शहरी बोलण्यातून तो जवळजवळ लोपला. परंतु ज्या घराच्या परसात खुराडे आहे, त्या घरी त्याची आजही गरज पडते. तलंग आणि जुनी कोंबडी ह्यांची दुखणी एक नव्हेत. दोघींना एकाच मापाने मोजले, तर निष्कर्ष चुकतो आणि नुकसान घरधन्याचे होते. ह्या लेखात तलंगेच्या एकाच लक्षणाचा विचार करावयाचा आहे. ते लक्षण म्हणजे पिसे झडणे.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. आपल्या तिगावच्या परिसरात, किंबहुना पांढुर्णा आणि सौसर ह्या दोन्ही तहसिलींत, शेतकऱ्याचे लक्ष असते ते कपाशीवर आणि संत्र्याच्या बागेवर. परसातील कोंबड्या ही बहुधा घरातील स्त्रियांची व मुलांची जबाबदारी असते, आणि अंड्यांचे पैसेही त्यांच्याच हाती येतात. त्यांतून वह्या येतात, मीठमिरची येते. पिल्लू अंड्यांतून निघाल्यापासून पाच-सहा महिने त्याला नुसते खाऊ घालावे लागते, परत काही मिळत नाही. मग अंडी सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी तलंगेची पाठ उघडी पडू लागते. कोणी म्हणतो, ‘मानमोडी आली’. कोणी म्हणतो, ‘रोग घरभर पसरण्याआधी विकून टाका’. दारात येणारा व्यापारी अशी संधी सोडीत नाही. पाच-सहा महिन्यांचा दाणा ज्या पक्ष्याने खाल्ला, तो पक्षी उत्पन्न देऊ लागताच पडत्या भावाने जातो.

मानमोडी, म्हणजे ज्याला राणीखेत रोग म्हणतात तो, खरोखर भयंकर आहे. परंतु त्यात कोंबडी मान टाकते वा मान पिळवटते, तोंड उघडून धापा टाकते, हिरवट पातळ विष्ठा टाकते आणि थोड्याच दिवसांत मरते. पिसे झडणे हे त्याचे लक्षण नव्हे. जी तलंग उड्या मारीत दाण्यावर येते, जिचा तुरा लाल आहे आणि जी अंडीही देते, तिची पाठ उघडी असली म्हणून तिला मानमोडी झाली असे म्हणणे चुकीचे आहे. मग तिला झाले आहे तरी काय?

ह्याचे उत्तर एक नाही. पिसे झडण्याची कारणे अनेक आहेत, आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे. सुदैवाने प्रत्येक कारण आपली खूण पक्ष्याच्या अंगावर ठेवून जाते. म्हणून औषधाची बाटली हाती घेण्यापूर्वी पक्षी हाती घ्यावा आणि पाहावे, की अंडी चालू आहेत की थांबली, अंगाचा कोणता भाग उघडा पडला, पिसे मुळासकट गळली की मध्येच मोडली, आणि खालची कातडी स्वच्छ आहे की तीवर जखम, खपली वा किडे आहेत. एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

ह्या खुणा वाचावयाच्या तर पीस म्हणजे काय ते प्रथम समजले पाहिजे. परसात पडलेले एखादे मोठे पीस उचला. मधोमध दांडा आहे, दांड्याच्या दोन्ही अंगांना तंतू आहेत, आणि प्रत्येक तंतूला त्याहून बारीक उपतंतू फुटलेले आहेत. ह्या उपतंतूंना सूक्ष्म आकडे असतात व ते शेजारच्या तंतूंत अडकतात. बोटाने पीस उलट्या दिशेने चोळले, की ते विसकटते. सरळ दिशेने दोनचारदा ओढले, की पुन्हा सांधले जाते. कोंबडी चोचीने दिवसभर हेच करीत असते. पीस हे जवळजवळ सगळेच प्रथिनाचे असते. आपली नखे व केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात, त्याच जातीच्या प्रथिनाचे ते बनते, आणि त्यात गंधकयुक्त घटकांचा अंश बराच असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आहाराच्या विचारात तिचा उपयोग आहे.

पीस एकदा पूर्ण वाढले, की ते निर्जीव होते. मोडले तर सांधत नाही, झिजले तर भरून येत नाही. म्हणून निसर्गाने पक्ष्यांना जुनी पिसे टाकून नवी धारण करण्याची सोय दिली आहे. पिल्लाच्या अंगावरील मऊ लव जाऊन खरी पिसे येतात. तीही पहिल्या पाच-सहा महिन्यांत एकाहून अधिक वेळा पालटतात. त्यामुळे तीन-चार महिन्यांची तलंग थोडी विसकटलेली दिसली आणि अंगावर काट्यांसारखे नवे कोंब दिसले, तर ती वयात येत आहे एवढाच त्याचा अर्थ. पुढे वर्षाकाठी एकदा, बहुधा पावसाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागले म्हणजे, मोठी कोंबडी सर्वांगाची पिसे टाकते. आपल्या ह्या भागात ज्येष्ठ-आषाढात दिवस साडेतेरा तासांच्या जवळपास असतो व पौषाच्या सुमारास तो पावणेअकरा तासांच्या आसपास येतो. हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही, पण पक्ष्याच्या शरीराला कळतो. ह्या पालटाला ठराविक क्रम आहे: आधी डोके व मान, मग छाती व अंग, शेवटी पंख व शेपूट. त्या काळात अंडी थांबतात, कारण पिसे आणि अंडी ह्या दोन्हींसाठी प्रथिनांचा साठा एकच असतो. दोन-तीन महिन्यांत पक्षी पुन्हा नवा होतो.

परंतु हा वार्षिक पालट जुन्या कोंबडीचा आहे. माघ-फाल्गुनात जन्मलेली व श्रावणाच्या सुमारास अंड्यावर आलेली तलंग सामान्यतः त्याच वर्षी पिसे टाकीत नाही. तिची पाळी पुढच्या वर्षाच्या शरदात येते. तेव्हा तलंगेची अंडी चालू असताना पिसे जात असतील, तर ‘ऋतूच तसा आहे’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. ह्याला एक लहानसा अपवाद आहे. दिवसभर पाणी मिळाले नाही, वैशाखाच्या उन्हात भांडे पालथे झाले, घर बदलले, किंवा कुत्र्याने रात्रभर धिंगाणा घातला, तर तलंग केवळ मानेची पिसे टाकते आणि काही दिवस अंडी थांबविते. तिला औषध नको; वेळेवर पाणी, दाणा आणि शांतता दिली, की काही आठवड्यांत ती पूर्ववत होते.

आता सर्वांत साध्या आणि सर्वांत दुर्लक्षित कारणाकडे वळू. ते कारण खुराड्यातच उभे असते व पहाटे आरवते. माझ्या मातृभाषेत, कोंकणीत, कोंबडीला ‘कोंबी’ व कोंबड्याला ‘कोंबो’ म्हणतात. नाव कोणतेही असो, त्याची रीत सर्वत्र सारखीच. संयोगाच्या वेळी तो कोंबडीच्या डोक्यामागची पिसे चोचीत धरतो आणि तिच्या पाठीवर उभा राहतो. त्याच्या नखांनी पाठीची व पंखांच्या बुंध्याची पिसे मोडतात. म्हणून डोक्यामागे, पाठीच्या मध्यभागी आणि दोन्ही खांद्यांवर उघडी जागा दिसली, खालची कातडी गुळगुळीत व स्वच्छ असली आणि पिसांचे दांडे मध्येच मोडलेले असले, तर संशय कोंबड्यावर घ्यावा. आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या घरी पाच तलंगा होत्या व कोंबडे दोन. पाचांपैकी तिघींच्या पाठी उघड्या पडल्या, घरात रोगाची चर्चा झाली आणि विकण्याचा भावही ठरला. वास्तविक एका कोंबड्याला आठ ते दहा कोंबड्या असाव्यात. अडीच कोंबड्यांमागे एक कोंबडा ह्या हिशेबात पाठी शाबूत राहाव्यात तरी कशा? त्यातून कोंबड्याला काही कोंबड्या अधिक आवडतात, त्यामुळे सर्वांची दशा सारखी होत नाही आणि ‘तिघींनाच रोग झाला’ असा भास होतो. त्या घरी तलंगांऐवजी एक कोंबडा विकला गेला. अंडी खाण्यापुरतीच हवी असतील, तर कोंबड्याची मुळीच गरज नाही. त्याच्यावाचूनही कोंबडी अंडी देते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. ही गोष्ट ठाऊक नसलेली शिकलेली माणसेही मी पाहिली आहेत.

दुसरे कारण म्हणजे एकमेकींना टोचणे. येथे एका मुलाची हकीकत सांगितली पाहिजे. नॉर्वे देशात थोर्लेइफ शेल्डेरुप-एब्बे नावाचा एक मुलगा होता. घरच्या कोंबड्यांकडे तो वयाच्या सहाव्या वर्षापासून बारकाईने पाहू लागला, आणि दहाव्या वर्षापासून कोणती कोंबडी कोणाला टोचते ह्याची वही ठेवू लागला. त्याला आढळले, की कळपात एक ठराविक उतरंड असते: पहिली सर्वांना टोचते, दुसरी पहिलीखेरीज इतरांना, आणि शेवटची सर्वांचे मुकाट्याने सोसते. १९२१ साली त्याने हेच निरीक्षण आपल्या प्रबंधात मांडले, आणि प्राण्यांच्या समाजजीवनाच्या अभ्यासात त्याला मानाचे स्थान मिळाले. परसातील कोंबड्या आणि शाळकरी मुलाची वही, एवढ्या सामग्रीवर हे घडले.

उतरंडीतील टोचणे बहुधा डोक्यावर व तुऱ्यावर असते, आणि उतरंड ठरली की ते कमी होते. नव्या तलंगा जुन्या कळपात सोडल्या, की पहिले काही दिवस रणधुमाळी माजते ती ह्यामुळेच. नव्यांना आठवडाभर जाळीआड, दिसतील पण भिडणार नाहीत अशा ठेवाव्यात, आणि मग संध्याकाळी एकत्र कराव्यात. पिसे उपटणारे टोचणे मात्र निराळे आहे. त्यात राग नसतो. एक कोंबडी दुसरीच्या मागे शांतपणे उभी राहते आणि तिच्या शेपटीच्या बुंध्यावरचे वा पाठीवरचे पीस उपटते, कित्येकदा ते खाऊनही टाकते. अभ्यासकांचे मत असे, की हे भूक व कंटाळा ह्यांतून वाट चुकलेले जमीन उकरणेच आहे. मोकळी कोंबडी दिवसाचा मोठा भाग जमीन उकरण्यात व टोचण्यात घालवते. भाजीच्या वाफ्यांसाठी, कुत्र्यांसाठी वा शेजाऱ्यांच्या तक्रारींसाठी आपण तिला चार हात जागेत जाळीमागे कोंडतो. समोर दाण्याचे भांडे असते, ते अर्ध्या तासात संपते, आणि उरलेला दिवस चोचीला काम नसते. तेव्हा शेजारणीचे पीस हेच गवत होते.

हे टोचणे ओळखावयाचे तर खालची कातडी लाल, ओरबाडलेली वा रक्ताळलेली आहे का ते पाहावे. नव्या पिसाच्या कोंबात रक्त असते. तो टोचला की रक्त येते, आणि लाल रंग दिसताच सारा कळप तिकडे धावतो. कडकनाथाची कातडी काळसर असल्यामुळे ही लाली चटकन दिसत नाही, तेथे बोटाने चाचपून पाहावे. आणखी एक खूण: सर्व कोंबड्या उघड्या पडलेल्या असताना जिची पिसे अगदी शाबूत व चकचकीत आहेत, तिच्यावर नजर ठेवावी. अनेकदा सुंदर दिसणारी तीच गुन्हेगार असते.

जखमी तलंग लगेच वेगळी करावी आणि जखमेवर कडुलिंबाचे तेल लावावे. पण खरा उपाय चोचीला काम देण्याचा आहे. जमिनीवर चार बोटे कुटार पसरून त्यात मूठभर दाणा विखरून टाकावा, म्हणजे तो शोधण्यात तासन्‌तास जातात. पालकाची किंवा लसूणघासाची जुडी कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी. खुराड्यात रात्री दाटी होऊ देऊ नये. एका कोंबडीला किमान दीड-दोन चौरस फूट जागा हवी. मोठ्या कुक्कुटशाळांत चोचीचे टोक कापतात. परसात त्याची गरज नाही, आणि तो उपाय मला व्यक्तिशः आवडत नाही.

पण चोचीला काम देऊनही टोचणे थांबले नाही, तर दाण्याचा हिशेब करावा, आणि तो तुम्ही स्वतः करू शकाल असा आहे. साधारण ५५ ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते. अंडे देणाऱ्या तलंगेला स्वतःचे शरीर व पिसे राखून रोज अंडे देण्यासाठी दिवसाला १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिन लागते. ज्वारीत शेकडा १० च्या आसपास प्रथिन असते. म्हणजे १०० ग्रॅम ज्वारी घातली, तर मिळाले १० ग्रॅम. उरलेले ७ ग्रॅम कोठून यावे? मोकळी सुटलेली कोंबडी ते वाळवी, नाकतोडे, गांडुळे आणि कोवळा पाला ह्यांतून मिळविते. कोंडलेली कोंबडी ते शेजारणीच्या पिसांत शोधते. पीस प्रथिनाचे असते, हे मघाशी पाहिलेच.

येथे एक गोष्ट जुन्या माणसांना पटणे कठीण जाते. ती म्हणतात, ‘आमच्या आजीने मूठभर ज्वारीवर कोंबड्या पाळल्या, पिसे कधी गेली नाहीत.’ ते खरे आहे. पण आजीची देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देत होती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली ‘ग्रामप्रिया’, किंवा आपल्याच राज्यात जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात कडकनाथाच्या रक्तापासून सिद्ध झालेली ‘नर्मदानिधी’, ह्या सुधारित जाती त्याहून पुष्कळ अधिक अंडी देतात. अंडी वाढली आणि मूठ तीच राहिली, तर वजाबाकी कोंबडीच्या अंगातून होते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

उपाय घरातलाच आहे. ८५ ग्रॅम ज्वारी किंवा मका आणि २० ग्रॅम शेंगदाण्याची ढेप (कोकणात हिलाच पेंड म्हणतात) दिली, तर हिशेब जवळजवळ जुळतो; कारण ह्या ढेपेत शेकडा ४० हून अधिक प्रथिन असते. तथापि पिसांना जो गंधकयुक्त घटक लागतो, त्यात शेंगदाणा दुबळा आहे आणि तीळ समृद्ध आहे. म्हणून ढेपेतील चौथा हिस्सा तिळाचा असावा, किंवा थोडी सुकी मासळी कुटून घालावी. ढेप पावसाळ्यात बुरसते, आणि शेंगदाण्यावरील बुरशीचे विष कोंबडीला घातक असते. वास आला वा हिरवट ठिपके दिसले, तर ती ढेप टाकून द्यावी. आपल्या कापूसपट्ट्यात सरकीची ढेप स्वस्त व मुबलक मिळते, म्हणून ती कोंबड्यांना घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. त्यामुळे अंड्याचा पिवळा बलक ठेवल्यावर हिरवट-काळपट होतो, आणि जास्त झाल्यास पक्ष्यालाही बाधते. गाईबैलांना चालते ते कोंबडीला चालतेच असे नाही. मीठ अजिबात नसले तरी टोचणे वाढते, पण शंभर ग्रॅम दाण्यास अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मीठ पुरते. लोणच्याचा खार व खारट उरलेले अन्न घालणे धोक्याचे आहे.

आता किड्यांकडे येऊ. पावसाळ्यात पिसे झडण्याच्या तक्रारी वाढतात, ह्यात नवल नाही. कोंबडी स्वतःचे किडे कोरड्या धुळीत लोळून घालविते, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत आपल्या काळ्या मातीच्या परसात कोरडी धूळ दिसणे अशक्य. तिचे स्नानघरच बंद पडते.

किडे मुख्यतः दोन प्रकारचे. उवा दिवसरात्र अंगावरच राहतात, पिसे व कातडीची टरफले खातात. शेपटीखाली, विष्ठेच्या जागेभोवतीची पिसे फुंकर मारून बाजूला केली, तर त्या फिक्या पिवळट रंगाच्या, चपट्या व चपळ अशा पळताना दिसतात, आणि पिसांच्या बुंध्याला त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटलेले असतात. दुसरा प्रकार तांबड्या सूक्ष्म किड्यांचा. हा धूर्त शत्रू दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतो. तो खुराड्याच्या लाकडांच्या फटींत व मातीच्या भेगांत दडून बसतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि पहाटे परततो. म्हणून दिवसा पक्षी तपासून ‘किडे नाहीत’ असा निर्वाळा देणे व्यर्थ आहे. रात्री बॅटरी घेऊन जावे, कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालच्या अंगाने पांढरे फडके दाबून ओढावे. फडक्यावर रक्ताचे तांबडे डाग उमटले, तर चोर सापडला. तुरा फिका पडणे, संध्याकाळी खुराड्यात जाण्यास कोंबड्यांनी कां-कूं करणे, ह्याही त्याच्याच खुणा. ह्याशिवाय पिसाच्या मुळाशी कातडीत शिरणारा एक अतिसूक्ष्म किडा आहे; त्याच्या खाजेने पक्षी स्वतःचीच पिसे उपटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, तेथे पशुवैद्यच हवा.

उवांसाठी छपराखाली एक उथळ टोपले वा पाटी ठेवून तीत कोरडी बारीक माती आणि चाळलेली लाकडाची राख घालावी. पावसाळ्यापूर्वी मातीची दोन पोती भरून ठेवली, म्हणजे चार महिन्यांची चिंता नाही. तांबड्या किड्यांवर उपाय कोंबडीवर नव्हे, खुराड्यावर करावयाचा असतो. कोंबड्या बाहेर काढून दांड्यांवर व फटींत उकळते पाणी ओतावे, भेगा लिंपून घ्याव्यात, आतून चुना लावावा. गरम हवेत ह्या किड्यांची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, म्हणून हेच काम आठवड्याने पुन्हा केले पाहिजे. एकदाच केले आणि सोडून दिले, तर निम्मे कामही होत नाही. खुराडे रिकामे ठेवूनही हे किडे मरत नाहीत. रक्तावाचून ते महिनेच्या महिने तग धरतात.

एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगावीशी वाटते. कपाशीवर किंवा संत्र्यावर फवारण्याचे औषध घरात असते. ते थोडे पाण्यात मिसळून कोंबड्यांच्या अंगावर शिंपडण्याची कल्पना सहज सुचते. ती अत्यंत घातक आहे. अंगावरचे विष पक्ष्याच्या शरीरात जाते आणि तेथून अंड्यात उतरते. २०१७ साली नेदरलँड्स व बेल्जियम ह्या देशांत तांबड्या किड्यांच्या नाशासाठी कुक्कुटशाळांत वापरलेल्या द्रवात फिप्रोनिल नावाचे कीटकनाशक मिसळलेले आढळले. खाण्याच्या प्राण्यांवर ते वापरण्यास तेथे बंदी होती. अंड्यांत त्याचा अंश सापडला, अनेक देशांतील दुकानांतून अंडी परत मागविण्यात आली, लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकांवरील किडींसाठी दुकानात मिळते. तेथे तपासणी करणारी यंत्रणा होती म्हणून ते उघडकीस आले. आपल्या परसातील अंडे तर सरळ मुलाच्या ताटात येते. किडे फार झाले असतील, तर सरकारी पशुचिकित्सालयात विचारून पक्ष्यांसाठीचेच औषध घ्यावे आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत तेही तेथेच विचारून घ्यावे.

दोन गोष्टींना मात्र रोग समजू नये. तलंग खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसून राहू लागली, की तिच्या छातीची व पोटाची पिसे जातात; उघड्या कातडीची ऊब अंड्यांना मिळावी अशी ती योजना आहे. आणि काही कोंबड्यांची मान जन्मतःच उघडी असते. हा एका आनुवंशिक घटकाचा परिणाम होय. अशा पक्ष्याच्या अंगावर पिसे कमी असल्यामुळे तो उष्णता अधिक सोसतो, म्हणून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून ‘हितकारी’ नावाची परसातील जात मुद्दाम तयार केली. आपल्या भागातील उन्हाळा पाहता ती उघडी मान गुणच ठरते. बाजारात अशी कोंबडी कोणी ‘आजारी’ म्हणून स्वस्तात देत असेल, तर खुशाल घ्यावी.

कारण सापडले, उपायही केला, तरी पिसे केव्हा येतील हा प्रश्न उरतोच. जे पीस मुळासकट गळले किंवा उपटले गेले, त्याच्या जागी कोंब लवकरच फुटतो आणि काही आठवड्यांत नवे पीस येते. जे मध्येच मोडले, त्याचा खुंट कातडीतच राहतो. तो खुंट पुढच्या पालटात गळेपर्यंत तेथे नवे पीस येत नाही. म्हणून कोंबडा आज वेगळा केला, तरी श्रावणात अंड्यावर आलेल्या तलंगेची मोडलेली पाठ पुढच्या वर्षाच्या शरदापर्यंत उघडीच दिसू शकते. उपाय निष्फळ झाला असे समजून कोणी घाबरू नये. तोवर कडक उन्हात तिला सावली द्यावी, आणि पौषाच्या थंडीत दाणा थोडा वाढवावा. कारण उघड्या अंगातून ऊब निघून जाते व ती भरून काढण्यास पक्षी अधिक खातो. कोंबडा ठेवणे भागच असेल, तर जुन्या जाड कापडाचा वीतभर तुकडा दुहेरी शिवून, त्याला पंखांच्या बुंध्याभोवती बसतील अशा दोन बंदांच्या फासा लावून, तिच्या पाठीवर खोगिरासारखा चढवावा. फासा सैल असाव्यात, पंख मोकळे हलावेत, आणि कापड दर आठ-पंधरा दिवसांनी काढून, खाली उवा नाहीत ना ते पाहून, धुऊन व वाळवून पुन्हा घालावे.